घरची की भाडेकरू?

त्या केसचे कागद कधीच रद्दीत गेले असतील, माझ्या डोक्यातून ती केस गेली नाही. नोकरीत मी खून बघितले, विहिरीतून काढलेल्या बाया बघितल्या. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलंय. हे प्रकरण मात्र जसंच्या तसं आहे. त्यात ना खून होता ना दरोडा. एका बाईनं एक कुलूप फोडलं होतं, एवढंच.

नावं कुणाचीच लिहीत नाही. ठाण्याचंही नाही. गाव सोलापूर, आणि बहात्तरच्या दुष्काळानंतरची तीन-चार वर्षं, एवढं पुरे.

माझा नवरा पोलिसात होता. तो गेला तेव्हा मला नोकरीत घेतलं. शिक्षण मराठी शाळेच्या सातवीपर्यंत. तेव्हा शहरात बाई पोलीस मोजक्याच होत्या. कुठं बाई आरोपी असली की आम्हाला बोलावणं यायचं. तिची अंगझडती घ्यायची, तिला कोर्टात न्यायचं, परत आणायचं, लॉकअपच्या बाहेर स्टुलावर बसायचं. उरलेल्या वेळात हवालदार लोक म्हणायचे, "बाई, तुमचं अक्षर बरं आहे, एवढं लिहून द्या." म्हणून मी दुसऱ्यांचे जबाब, पंचनामे लिहायची. सही त्यांची. कायदा मी असा शिकले, दुसऱ्यांच्या सहीखाली.

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळची हजेरी झाली होती. ठाण्यासमोर पाणी मारलं होतं आणि ते लगेच वाळलंही होतं. एक माणूस फिर्याद घेऊन आला. चादरींचे माग होते त्याचे, घरातच. घरी तेलुगू बोलणारे लोक, पण मराठी आमच्यासारखीच. माग वाढवायला त्यानं घर गहाण टाकून एका पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. माग चालले नाहीत, हप्ते थकले, संस्था कोर्टात गेली. आता घराचा लिलाव व्हायचा होता. हे सगळं पेठेत सगळ्यांना माहीत होतं. घर जाणाऱ्या माणसाचं काही लपत नाही. गिऱ्हाईक आधीच हळू बोलायला लागतात.

त्याची फिर्याद अशी. घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, त्यात तो सुताचे गठ्ठे ठेवतो. नुकताच तिथं चुना लावून कुलूप घातलं होतं. ओळखीतली एक बाई अधूनमधून घरी येऊन राहायची. तिनं काल वरवंट्यानं कुलूप फोडलं आणि आत जाऊन बसली. आता निघत नाही.

आमचे फौजदार साहेब तरुण होते, वैतागलेले असायचे, पण माणूस सरळ. घरमालक-भाडेकरू असं काही आलं की ठाण्यात एकच उत्तर ठरलेलं: हे दिवाणी आहे, कोर्टात जा. तेच त्यांनी आधी म्हटलं. पण कुलूप फोडून घरात शिरणं म्हणजे दखलपात्र गुन्हा. त्यांना गुन्हा घ्यावा लागला.

"बाई, जा. तिला घेऊन या. आणि तो वरवंटाही आणा, मुद्देमाल आहे तो."

मी एक शिपाई घेऊन गेले. पुढं मालकाच्या दोन खोल्या, मध्ये मागांची शेड, मागं एका अंगाला ही खोली. माग बंद होते. इतक्या मागांच्या पेठेत त्या एका घरात खटखट नाही, ते कानाला बरं वाटत नव्हतं.

बाई खोलीत सूप मांडीवर घेऊन बसली होती. बिड्या वळत होती. पन्नाशी ओलांडलेली, काळीसावळी, कपाळ मोकळं. पोलीस आले म्हणून ती उठली नाही, हातातली बिडी पुरी केली, दोरा गुंडाळला, मग माझ्याकडं बघितलं.

"चला म्हनायलाय का?"

"चला."

"सूप घेऊ का संगं? कात्री?"

"कात्री नाही. सूपही नाही. तिथं काम नाही करता येत."

"मग तितं बसून काय करू?" असं म्हणून ती उठली. दाराशी वरवंटा पडला होता, तो तिनंच उचलून माझ्या शिपायाच्या हातात दिला. "लई जड हाय, बगा. पायावर पाडून घेऊ नका."

ठाण्यात तिला बाकावर बसवलं. तिच्या हातात पान नव्हतं, तंबाखू नव्हती, तरी तिची बोटं चालत होती. अंगठा आणि दोन बोटं, वळायचं, दुमडायचं, परत वळायचं. तिचं तिलाही कळत नव्हतं. पुढं मी बिडी वळणाऱ्या पुष्कळ बाया बघितल्या, झोपेतही त्यांची बोटं चालतात.

तिला सगळे अक्का म्हणायचे. मीही तेच लिहिते. माहेर दुधनीकडचं. नवऱ्यानं टाकली, मूल नाही. बिड्या वळून पोट भरायला सोलापुरात आली ती दुष्काळाच्याही आधी पाच-सहा वर्षं. त्या मागच्या खोलीत उतरली ती तिथंच राहिली, असं तिचं म्हणणं.

मी जबाब लिहायला बसले.

"भाडं देत होता का?"

"देत हुते की. दर महिन्याला. आदी अम्माच्या हातात, अम्मा गेल्यावर ह्येच्या हातात."

अम्मा म्हणजे मालकाची आई. ती जाऊन तीन वर्षं झाली होती.

"पावती आहे?"

"घरच्या मान्साला कुनी पावती मागतंय व्हय?"

"घरच्या होता, तर मग भाडं कशाला देत होता?"

तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी कागदावर तेवढी जागा सोडली.

मग हळूहळू तिच्याकडून निघालं ते असं. अम्मा शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती. सुनेला चार पोरं आणि मागाची कामं. अम्माचं सगळं अक्कानं केलं. न्हाऊमाखू घालणं, हगणं-मुतणं काढणं, सगळं. अम्मा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ही माझी लेक. मालकही तिला अक्काच म्हणायचा, भाऊबीजेला पाटावर बसायचा, ती ओवाळायची. पण महिना भरला की भाडं द्यायची, आणि तो घ्यायचा. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

गेल्या महिन्यात कोर्टाचा बेलिफ घरात कोण कोण राहतं ते लिहून घ्यायला आला होता. बेलिफनं अक्काला विचारलं, तुम्ही भाडेकरू का? ती म्हणाली, "भाडेकरू कशाला? म्या घरचीच हाय." मालक शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही.

त्या कागदाची नक्कल मालकाच्या खिशात होती. त्यानं ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यावर लिहिलं होतं: भाडेकरू कोणी नाही. हजर असलेल्या बाईने मालकाच्या घरची असल्याचे सांगितले. खाली अक्काचा अंगठा.

मी तिला विचारलं, "असं का सांगितलं?"

"परका मानूस त्यो. चार लोकं जमलेली. त्यांच्याम्होरं भाडेकरू म्हनून सांगायची लाज वाटली की."

नंतर तिचा एक भाऊ वारला. ती बाराव्यासाठी दुधनीला गेली. दहा-बारा दिवसांनी परत आली तर खोलीला कुलूप, तिचं सामान दोन पोत्यांत भरून मागाच्या शेडमध्ये. मालक घरी नव्हता. त्याची बायको म्हणाली, मला काही माहीत नाही. अक्का संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिली. मग तिनं पोत्यातून वरवंटा काढला.

साहेबांनी मला बाजूला बोलावून समजावलं. पुढं नोकरीभर मला ते उपयोगी पडलं म्हणून इथं लिहिते. कर्जापायी मालकाचं घर गेलं तरी खरा भाडेकरू रस्त्यावर येत नाही. घराबरोबर तोही नव्या मालकाकडं जातो, भाडं त्याला द्यायचं. बेलिफ तिथं फक्त दारावर कागद चिकटवतो आणि ढोल वाजवून सांगतो की मालक बदलला. पण मालकाच्या घरची माणसं, त्याचे नातलग, त्यांना मालकाबरोबर बाहेर पडावं लागतं.

"पावती नसली तरी चालतं," साहेब म्हणाले. "तोंडी भाडेकरूही भाडेकरूच. पण दाखवायचं कसं? तिनं स्वतःच अंगठा दिलाय. तो म्हणतो सुताची खोली होती, कुणी राहतच नव्हतं. शेजारी काय म्हणतात?"

शेजाऱ्यांकडं मी जाऊन आले होते. कुणालाच काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका नळावर पाणी भरणाऱ्या बाया म्हणाल्या, "आमी कुनाच्या घरात डोकावत न्हाय बाई." आज तो मालक, उद्या दुसरा मालक, कोर्टाची भानगड. लोक वाईट नसतात. त्यांना साक्षीला बोलावलं की त्यांचे डोळे जातात, एवढंच.

दुपारी एक वाजता मी गेटवरच्या माठातून पाणी घेत होते. तिथं त्याच पेठेतला एक चुना मारणारा रंगारी उभा होता. सायकलवर डबलसीट चालला म्हणून त्याची सायकल ठाण्यात लावून ठेवली होती, ती सोडवायला आलेला. त्यानं खिडकीतून बाकावरची अक्का बघितली.

"बाईसाब, इस को काहे को बिठाए?"

मी सांगितलं.

तो आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "वो खोली मैंच चुना मारा. तीन हात मारा. नील डालके मारा. एक दाग जाताच नै था. मालिक बोला और एक हात मार. मैं बोला, सेठ, वो तेल का दाग है, चुना तेल को पकडता नै. सूखे तो फिर ऊपर आता."

"कुठं आहे दाग?"

"दरवाजे के सामने की दीवार को. बैठे तो सिर आता ना, उत्ते पे." मग लगेच म्हणाला, "मेरा नाम नको लिखो. सायकल दे दो बस."

मी त्याचं नाव लिहिलं नाही. सायकल मिळवून दिली.

साहेब घटनास्थळाच्या पंचनाम्याला निघालेच होते. मी त्यांना एवढंच म्हटलं की अक्कालाही बरोबर घेऊ. शेजारचे दोघे पंच म्हणून घेतले. मालक आधीच दारात उभा होता. घामाघूम.

खोलीत चुन्याचा वास भरलेला. निळसर पांढऱ्या भिंती. दारासमोरच्या भिंतीजवळ सूप तसंच पडलेलं, मी सकाळी तिला उठवलं तेव्हाचं. त्याच्यावर, हात-दीड हात उंचीवर, पिवळट तपकिरी गोल डाग. ताटलीएवढा. त्याच्या खाली आणखी एक, लांबट, पाठीचा. चुन्यातून दोन्ही वर आले होते. सकाळी मी त्याच खोलीत उभी होते आणि माझ्या नजरेला ते पडलं नव्हतं. खोटं कशाला सांगू. सकाळी मी आरोपीला बघायला गेले होते, भिंत बघायला नाही.

मी खाली वाकले. शहाबादी फरशीवर तिथं हात फिरवला. बाकीची फरशी खरखरीत, तेवढी जागा गुळगुळीत, आणि दोन फरशांच्या सांध्यात तंबाखूची भुकटी घट्ट बसलेली. सुताच्या गठ्ठ्याखाली तंबाखू जात नाही.

"अक्का, बसा," मी म्हटलं. "रोज बसता तशा."

ती बसली. मागं बघितलं नाही, चाचपलं नाही. पाय पसरले, सूप ओढलं, पाठ टेकली, डोकं टेकलं. डोकं बरोबर त्या डागावर गेलं. पुन्हा पुन्हा ठेवून जागा पडलेल्या उखळात मुसळ जातं तसं.

पंचांपैकी एक जण म्हणाला, "आता दिसतंयच की." सकाळी त्यानंही मला नळावरच्या बायांसारखंच सांगितलं होतं की आपण कुणाच्या घरात डोकावत नाही.

साहेब मालकाकडं वळले. "सुताच्या गठ्ठ्यांना केस असतात का हो?"

मालकाला मी शेडमध्ये बंद मागाच्या ओट्यावर बसवलं. साहेब उभे होते. मी लिहायला बसले. चौकशीत माणूस ओरडायला लागला की तो टिकतो, खाली बघायला लागला की संपला, हे मी तोपर्यंत शिकले होते. तो खाली बघत होता.

"खोटी फिर्याद दिली म्हणून तुमच्यावरच कारवाई होते, माहीत आहे?" साहेब म्हणाले.

"माझं घर चाललंय, साहेब," तो म्हणाला. "सोमवारी बोली लावणारे घर बघायला येणार. आत भाडेकरू बसलाय म्हटलं की कोण चांगली बोली लावतो? खोली रिकामी असली तर संस्थेचं फिटून पोरांपुरतं काही उरलं असतं. ती गावाला गेली होती. मला वाटलं, ती परत आली की समजावीन."

"बेलिफला तर तिनं घरची सांगितलं होतं. मग भ्यायचं कारण काय?"

"बोलीवाल्यांसमोर ती खरं बोलली असती. भाडं देते म्हणाली असती. तिला खोटं बोलता येत नाही."

हे तो तिच्या विरोधात सांगत होता की बाजूनं, मला अजून कळलेलं नाही.

इथं प्रकरण संपलं असं मला वाटलं. पण माणूस बुडायला लागला की त्याचं डोकं चालतं. त्यानं मान वर केली.

"ठीक आहे साहेब. राहत होती ती इथं. नऊ-दहा वर्षं राहत होती. पण बहीण म्हणून. माझ्या आईची लेक म्हणून. बेलिफच्या कागदावर तिचा अंगठा आहे. मी फिर्याद मागं घेतो, तिला सोडा. पण ती भाडेकरू नाही, घरची आहे. विचारा तिलाच."

साहेब माझ्याकडं बघायला लागले. तो बोलला त्यात चूक नव्हती. भिंतीवरच्या डागानं ती तिथं राहत होती एवढं सिद्ध झालं होतं. कोण म्हणून राहत होती ते भिंत कशी सांगणार?

अक्काला शेडमध्ये बोलावलं. ती दोन मागांच्या मध्ये उभी राहिली. मालक तिच्याशी फार मऊ आवाजात बोलला.

"अक्का, सांग यांना. तू माझी कोण?"

तिचा चेहरा बदलला. सकाळपासून पोलीस, ठाणं, लॉकअप, कशानं बदलला नव्हता तो आता बदलला. मला वाटलं आता ही सांगणार, भैन, आणि बुडणार. अशा बाया मी बघितल्यात. त्यांना कुणी एकदा आपलं म्हटलं की त्या सगळ्यावर अंगठा देतात.

मी मध्ये बोलले. मला अधिकार नव्हता, साहेबांनी अडवलं नाही.

"अक्का, नीट ऐका. घरच्या असाल तर घराबरोबर जाल. ही माणसं बाहेर पडतील त्या दिवशी तुम्हीही बाहेर. भाडेकरू असाल तर खोली राहील. दोन्ही मिळणार नाही. माझ्याकडं बघू नका, काय खरं आहे ते सांगा."

ती मालकाला म्हणाली, "तुमी कुटं जानार?"

"वळसंगला. हिच्या भावाकडं. मग बघू."

"म्या बी येऊ?"

तो बंद मागाकडं बघायला लागला.

"तितं जागा हाय का रं? लई नगं. सूप घेऊन बसायपुरती."

त्याची बायको दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. तो म्हणाला, "अक्का, तिथं आम्हालाच एक खोली आहे. बघू की. काहीतरी बघू."

अक्कानं मान हलवली, जशी आपण बाजारात जिनसेचा भाव ऐकून हलवतो. मग माझ्याकडं वळली.

"लिव्हा बाई. भाडेकरू."

"मालकाशी नातं?"

"न्हाय."

"काहीच नाही? दूरचंही?"

"लिव्हा की. काईच न्हाय. भाडं देत हुते, खोलीत ऱ्हात हुते."

"बेलिफला घरची असं का सांगितलं, तेही लिहावं लागेल."

"चुकून सांगितलं म्हनून लिव्हा."

मी तसंच लिहिलं: सदरची बाब मी चुकून सांगितली. जबाब वाचून दाखवला. तिनं अंगठा दिला आणि बोटाची शाई पदराला न पुसता मागाच्या लाकडाला पुसली.

मालक तिच्याकडं बघत होता. मग त्यानं मला म्हटलं, "माझाही लिहा. दर महिन्याला भाडं घेत होतो. पावती कधी दिली नाही." साहेबांनी विचारलं नव्हतं. धमकी दिली होती ती तर त्यांनी केव्हाच सोडून दिली होती. तो का बोलला? भीती असेल, शरम असेल, किंवा ती काईच न्हाय म्हणाली ते झोंबलं असेल. मी तिन्ही धरून चालते. पावती न देणं हाही मुळात गुन्हाच होता, तो साहेबांनी काढला नाही. जाणाऱ्या माणसावर किती कलमं लावायची?

फिर्यादीत तथ्य नाही असा अहवाल गेला. दोन्ही जबाबांच्या नकला जोडून अक्कानं वकिलाकडून कोर्टासाठी अर्ज करून घेतला. तो अर्ज मी तिच्याबरोबर जाऊन दिला, माझ्या सुट्टीच्या दिवशी. त्यात माझा काही मोठेपणा नाही. पोलीस लाइनच्या खोलीत सुट्टीच्या दिवशी मी तरी काय करत होते?

कब्जाच्या दिवशी बंदोबस्ताला मीच होते. बेलिफनं पुढच्या खोल्या रिकाम्या करून घेतल्या. भांडी, गाद्या, पोरांची दप्तरं, सगळं टेम्पोत चढलं. मग बेलिफ मागच्या खोलीशी आला. त्यानं दारावर कागद चिकटवला. ढोलवाल्यानं ढोल बडवला आणि ओरडून सांगितलं की आजपासून ही मिळकत नव्या मालकाची, भाडेकरूनं भाडं त्याला द्यावं. खोलीत एकच बाई, ढोलापासून चार हातांवर. तिच्यासाठी एवढा ढोल. ती आत बिड्या वळत बसली होती. मान वर केली नाही.

मी वरवंटा परत द्यायला आणला होता. मुद्देमाल सोडायचा तर ज्याची वस्तू त्याची सही लागते. मी अक्काला विचारलं, "हा तुमचाच ना?"

"अम्माचा हाय त्यो. मला वापराय दिल्ता. त्यांच्या घरचा. त्यास्नी द्या."

मालक टेम्पोशी उभा होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, "आईनं तिला दिलाय. तिचा आहे."

"मग एक जण सही करा."

दोघांनीही केली नाही. टेम्पो निघाला. मालक तिच्या दारापर्यंत आला नाही, तीही पायरीपर्यंत आली नाही. मी वरवंटा परत ठाण्यात नेला, चिठ्ठी बांधून मुद्देमालाच्या खोलीत ठेवला. सहा वर्षांनी माझी बदली झाली तेव्हा तो तिथंच होता. चिठ्ठीवरचं अक्षर माझंच, फिकं झालेलं.

नव्या मालकानं अक्काला त्रास दिला नाही. पुढचं घर मात्र कुलपात ठेवलं. म्हातारी कधीतरी जाईलच, मग सगळं एकदम पाडू, असा त्याचा हिशोब असणार. म्हणजे ती केस जिंकली आणि एका रिकाम्या घराच्या मागच्या खोलीत एकटी उरली. पुढं माग नाहीत, पोरं नाहीत, नळावर भांडायलासुद्धा त्या दारातून कुणी जात नाही. मी त्या बाजूनं गस्तीला गेले की डोकावायची. ती सूप घेऊन बसलेली असायची, डोकं त्याच डागावर.

एकदा भाऊबीजेच्या दिवशी गेले. संध्याकाळ व्हायला आली होती. पाट मांडलेला नव्हता, काही नव्हतं. मी उगाच विचारलं, "कुणी आलं होतं का आज?"

तिनं बिडीला दोरा गुंडाळला.

"भाडेकरूकडं कोन येतंय, बाई?"

मी चहा न घेता निघाले. तिनं विचारलाही नव्हता.

लोक मला विचारतात, नोकरीत काय शिकलात. मी ह्या केसमधून शिकले ते सांगते, कुणाला आवडो न आवडो. ज्या छपराखाली आपण राहतो तिथं आपण कोण आहोत, ते कागदावर पाहिजे. प्रेम असलं तरी पाहिजे. प्रेम असलं तर जास्तच पाहिजे, कारण तिथंच मागायची लाज वाटते आणि तिथंच माणूस फसतो. आणि दुसरं, हक्क मिळाला म्हणजे माणसं मिळाली असं होत नाही. मी तिला त्या दिवशी दोन्ही मिळणार नाही असं सांगितलं ते कायद्यानं बरोबर होतं. ते इतकं बरोबर निघेल असं मला वाटलं नव्हतं.

निवृत्त झाले तेव्हा मलाही पोलीस लाइनची खोली सोडावी लागली. तिथं मी अठ्ठावीस वर्षं राहिले होते, पण ती सरकारची. माहेर केम गावचं, तिथं भावजयांच्या घरात मी पाहुणीच. म्हणून इथंच, सोलापुरात, एक खोली भाड्यानं घेतली. घरमालकीण चांगली बाई आहे. पहिला महिना भाजी आणून द्यायची, सणाला जेवायला बोलवायची. महिना भरल्यावर मी भाडं दिलं आणि हात पुढं केला.

"काय हवंय मावशी?"

"पावती."

ती हसली. "पावती काय मागता? तुम्ही तर घरच्याच की."

"घरची नाही," मी म्हटलं. "भाडेकरू आहे. पावती द्या."

तिनं पावती दिली. त्यानंतर तिनं मला जेवायला बोलावलेलं नाही. पावती मात्र दर महिन्याला वेळेवर देते.